पाठीतलं पाणी काढायचं म्हणजे नेमकं काय करतात

सकाळच्या राऊंडला डॉक्टर सांगतात, "यांचं पाठीतलं पाणी तपासावं लागेल." ते पुढच्या खाटेकडे वळतात न वळतात तोच नातेवाइकांचे फोन सुरू होतात. गावाकडून काका सांगतात, सही करू नका. मावशी सांगते, आमच्या शेजारच्या पोराचं काढलं होतं, तो परत उभा राहिलाच नाही. संध्याकाळी राऊंडला यावं तर संमतीचा कागद कोराच, उशीखाली घडी घालून ठेवलेला.

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात निवासी डॉक्टर असताना हे मी इतक्या वेळा पाहिलं की पुढे पुढे मी सहीचा कागद नंतर काढायचो आणि आधी विचारायचो, "तुमच्या ओळखीत कुणाचं बिघडलं?" प्रत्येक वेळी कुणीतरी निघायचंच. त्या शेजारच्या पोराची गोष्ट खोटी नसते. पण खोदून विचारलं तर कळतं, की त्याच्या पायातली ताकद आधीच जात होती. म्हणून त्याला दाखल केलं होतं आणि म्हणूनच पाणी काढलं होतं. गियाँ-बारे नावाच्या आजारात पायांपासून लुळेपण वर चढत जातं, मणक्याच्या टीबीत पाय जातात, मेंदूच्या टीबीत माणूस शुद्ध हरपतो. हे सगळे पाणी तपासण्याचे आजार. तपासणी सोमवारी झाली आणि पाय बुधवारी गेले, की दोष सुईच्या माथी बसतो.

डॉक्टर मंडळी या तपासणीला 'एलपी' म्हणतात, लंबर पंक्चरचं लघुरूप. तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला ती सांगितली असेल, तर सहीपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत काय काय घडतं ते क्रमाने सांगतो.

सुई जाते कुठे

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती एक नितळ द्रव खेळत असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी साधारण १५० मिलीलिटर असतो, पण शरीर दिवसाला जवळपास ५०० मिलीलिटर नवा तयार करतं आणि जुना रक्तात शोषला जातो. म्हणजे तासाला २० मिलीलिटर. तपासणीला घेतात १० ते १५ मिलीलिटर, दोन-तीन चहाचे चमचे. तेवढा तासाभरात भरून निघतो. 'अंगातलं पाणी कमी झालं तर' ही काळजी इथेच सोडून द्या.

खरी भीती असते ती मज्जारज्जूला सुई लागण्याची. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे दोरी नसते, घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या नसांचा झुपका पाण्यात लोंबत असतो. पातेल्यातल्या पाण्यात शेवया सोडून त्यात काडी घातली तर शेवया जशा बाजूला सरकतात, तशा या नसा सुईच्या वाटेतून सरकतात. तान्ह्या बाळाचा मज्जारज्जू थोडा खालपर्यंत, तिसऱ्या मणक्यापर्यंत येतो, म्हणून बाळांमध्ये आणखी खालची फट निवडतात.

जागा शोधायची रीत सोपी आहे. कमरेची दोन्ही हाडं वरून चाचपायची, त्यांना जोडणारी आडवी रेघ मनात काढायची. ती चौथ्या मणक्याजवळून जाते. जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके या डॉक्टरने १८९१ साली ही तपासणी रूढ केली. आजही आपल्याकडच्या ट्रेमध्ये बहुधा असते ती तिरप्या टोकाची सुई त्याच्याच नावाची आहे.

आणि एक. सिझरच्या वेळी पाठीत जे इंजेक्शन देतात ते याच भागात, याच पाण्यात, अशाच सुईने देतात. तिथे औषध आत घालतात, इथे पाणी बाहेर काढतात, एवढाच फरक. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना तर उपचाराच्या काळात पाठीतून औषधं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. इंजेक्शन झाल्यावर तीच पोरं वॉर्डात सलाइनच्या स्टँडला लोंबकळून घसरगुंडी खेळताना मी पाहिली आहेत.

सही करण्याआधी

पहिला प्रश्न विचारायचा: नेमकं काय शोधताय? उत्तर चार-पाच गोष्टींपैकी एक असतं. ताप, डोकेदुखी, मान ताठ, बडबड किंवा गुंगी असेल तर मेंदूज्वर किंवा मेंदूचा टीबी. अचानक, आयुष्यात कधी झाली नाही एवढी डोकेदुखी असेल आणि सीटी स्कॅन साफ असेल तर मेंदूभोवतीचा रक्तस्राव. पाय लुळे पडत असतील तर गियाँ-बारे. तरुण, वजन जास्त असलेल्या बाईला डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डोक्यातला दाब मोजायचा असतो. वयस्कर माणसाची चाल पाय जमिनीला चिकटल्यासारखी झाली असेल, लघवी सुटत असेल, विसरभोळेपणा आला असेल तर ३० ते ५० मिलीलिटर पाणी काढून आधी आणि नंतर त्यांना चालायला लावून फरक बघतात. या आजोबा-आजींच्या चालण्याचा दोन्ही वेळा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

यातल्या मेंदूज्वराला घड्याळ लागलेलं असतं. जिवाणूंचा मेंदूज्वर तासांच्या हिशोबाने बिघडतो, टीबीचा दिवसांच्या. सही रोखून धरलेली रात्र इथे महागात जाते. तपासणीला काही कारणाने उशीर होणार असेल तर रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेऊन प्रतिजैविकं आधी सुरू करतात आणि पाणी नंतर काढतात. तुमच्या रुग्णाला मेंदूज्वराची शंका असेल आणि सगळं स्कॅनच्या नंबरवर अडलं असेल, तर "इंजेक्शन सुरू केलंत का?" हा प्रश्न जरूर विचारा. डॉक्टरांना राग येणार नाही. आला तरी विचारा.

दुसरा प्रश्न: आधी स्कॅन लागेल का? प्रत्येकाला लागत नाही. रुग्ण गुंगीत असेल, नुकतीच फिट आली असेल, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू कमजोर असेल, एचआयव्ही किंवा औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, डोळ्यांच्या पडद्यावर सूज दिसत असेल, तर आधी सीटी करतात. कारण मेंदूत गाठ किंवा पू साचून एका बाजूला दाब वाढला असेल आणि खालून पाणी काढलं, तर मेंदू खाली सरकण्याचा धोका असतो. या तपासणीतला खरा मोठा धोका तो हा. लोकांना ज्या लुळेपणाची भीती असते ते कुठल्या कुठे राहतं आणि ज्याची भीती बाळगायला हवी ते कुणी विचारतच नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही सांगायची: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. वॉरफरिन, असेनोकुमारॉल, अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, क्लोपिडोग्रेल, पोटात टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं, यातलं काहीही चालू असेल तर पाकीटच नेऊन दाखवा. नुसती अ‍ॅस्पिरिन बहुतेक वेळा आड येत नाही. मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर मुळीच नाही. किती दिवस आधी थांबवायची ते प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण असतात तेव्हा प्लेटलेट्सचा आकडा बघितल्याशिवाय कुणी सुईला हात लावत नाही. साधारण ४० ते ५० हजारांच्या खाली असतील तर थांबतात किंवा आधी प्लेटलेट्स चढवतात. कमरेवर जिथे सुई जायची तिथेच गळू किंवा पिकलेली जखम असेल तर तीही दाखवा.

उपाशी राहायची गरज नसते. उलट हलकं काही खाऊन, लघवी करून घ्यावी. मधे उठता येत नाही.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. मराठीत असलं तरी 'आंतरमेरुद्रव' असले शब्द असतात, त्यामुळे फार फरक पडत नाही. "सोप्या शब्दांत सांगा" म्हणायला लाजू नका.

मुटकुळं

अर्धी तपासणी इथे जिंकली किंवा हरली जाते. रुग्णाला खाटेच्या अगदी कडेला, डाव्या कुशीवर, डॉक्टरांकडे पाठ करून झोपवतात. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, पाठ मागे काढलेली. आमच्या वॉर्डातल्या मावशी एका शब्दात सांगायच्या, "मुटकुळं करा." थंडीत गोधडी नसली की माणूस जसा झोपतो, तसं. पाठ वाकली की मणक्यांमधल्या फटी उघडतात. पाठ सरळ राहिली की सुई हाडावर आपटते आणि मग दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न. खांदे आणि कंबर दोन्ही खाटेला काटकोनात, एकावर एक हवेत. वरचा खांदा पुढे लवंडला की पाठीचा कणा पिळला जातो आणि सगळं गणित चुकतं. दोन गुडघ्यांच्या मधे उशी दिली तर हे सोपं जातं.

काही वेळा बसवूनही करतात, समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवं व्हायला लावून. जाड माणसात बसून जागा चटकन सापडते. पण दाब मोजायचा असेल तर आडवंच हवं. बसल्यावर मोजलेल्या दाबाला अर्थ नसतो.

नातेवाइकाला आत थांबू देतील की नाही हे डॉक्टरांवर आहे. थांबू दिलं तर समोरच्या बाजूला, रुग्णाच्या तोंडाकडे उभं राहा. हात धरा, बोलत राहा. पाठीकडे डोकावू नका. रुग्ण एकदाही हलत नाही आणि नातेवाईक धाडकन खाली, हा प्रसंग प्रत्येक निवासी डॉक्टरच्या पोतडीत एक तरी असतो.

प्रत्यक्ष टोचताना

आधी पाठ तपकिरी औषधाने पुसतात. गार लागतं, अंगावर काटा येतो. त्यानंतर भोक असलेलं निर्जंतुक कापड पाठीवर पसरतात. तिथून पुढे मागे हात न्यायचा नाही. खाजलं तर सांगायचं.

मग बधिर करण्याचं बारीक इंजेक्शन. काही सेकंद झणझणतं, चुरचुरतं. सगळ्या प्रकारात टोचल्यासारखं खरं दुखणं एवढंच, असं बहुतेक रुग्ण नंतर सांगतात. एक-दोन मिनिटं थांबून मग मुख्य सुई. ती साधारण ९ सेंटिमीटर लांब असते आणि दिसायला भीतिदायक असते, पण जाडीला सलाइन लावायच्या कित्येक सुयांपेक्षा बारीक. आत एक तार बसवलेली असते, जिच्यामुळे कातडीचा तुकडा सुईत अडकून आत जात नाही.

आता लागते ती वेदना नव्हे, दाब. कुणीतरी अंगठ्याने पाठीत रेटतंय असं. सुई कातडी, चरबी, मणक्यांमधले अस्थिबंध आणि शेवटचा जाडसर पिवळा अस्थिबंध ओलांडते. तो पार झाला की करणाऱ्याच्या बोटाला हलकासा 'टक्' जाणवतो, कडक पापुद्र्यातून सुई पलीकडे गेल्यासारखा. हा टक् पहिल्यांदा बोटाला कळला तो दिवस मला आठवतो. त्याआधीच्या कितीतरी वेळा मी तो कल्पनेनेच ऐकला होता.

मधेच एका पायात करंट गेल्यासारखं झालं तर घाबरू नका आणि उडीही मारू नका. सुईचं टोक एखाद्या नसेला निसटतं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. फक्त लगेच सांगा: "डाव्या पायात" किंवा "उजव्या पायात". ही माहिती डॉक्टरांना सोन्यासारखी असते. डाव्या पायात झणका म्हणजे सुई डावीकडे सरकली आहे, ती थोडी मागे घेऊन दिशा बदलायची. एका जागी राहणारा, न थांबणारा झणका असेल तर तेही सांगा.

मग तार मागे ओढतात आणि सुईच्या टोकाशी थेंब येतो.

दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर हात बदलावा, म्हणजे वरिष्ठांना बोलवावं, हा शहाणपणाचा रिवाज आहे. रुग्णाच्या वतीने तसं नम्रपणे म्हणायला हरकत नाही. पाठीचा कणा वाकडा असेल, संधिवाताने मणके जुळून आले असतील किंवा चरबीमुळे हाडं हाताला लागत नसतील, तर सोनोग्राफीने जागा ठरवता येते किंवा क्ष-किरणांखाली करता येतं. उगाच दहा वेळा भोसकण्यात शौर्य नाही.

पाणी सिरिंजने ओढत नाहीत. ते आपलं आपण थेंब थेंब पडतं, म्हणून वेळ लागतो. दाब मोजायचा असला तर पहिल्या थेंबालाच सुईला उभी काचेची किंवा प्लास्टिकची नळी जोडतात आणि पाणी किती चढतं ते बघतात. साधारण ६ ते २० सेंटिमीटर ठीक. २५ च्या वर गेला तर वाढलेला. या क्षणी पाय थोडे सैल करायला सांगतात, कारण पोट दाबलेलं असलं, रुग्ण कुंथत असला की आकडा उगाच वर जातो. दाब मोजायचा असूनही घाईत राहून गेला, अशा फाइली मी पाहिल्या आहेत. डोकेदुखी आणि नजरेच्या तक्रारीसाठी एलपी होत असेल तर आधीच विचारा, "दाब मोजणार ना?"

बाटल्या आणि त्यांचा प्रवास

यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

पाणी तीन-चार छोट्या बाटल्यांत घेतात आणि त्यांवर क्रमांक टाकतात. क्रम महत्त्वाचा. सुई जाताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली तर पहिल्या बाटलीत रक्त दिसतं आणि शेवटच्या बाटलीपर्यंत पाणी साफ होत जातं. मेंदूभोवतीच रक्तस्राव झाला असेल तर सगळ्या बाटल्या सारख्याच लाल. क्रमांक पुसले गेले की हा फरक कायमचा गेला.

पाणी कसं दिसतं तेही लगेच बघतात. नळाच्या पाण्याने भरलेली तशीच एक बाटली शेजारी धरायची, मागे पांढरा कागद. नितळ असेल तर दोन्हींत फरक ओळखू येत नाही. भाताच्या पेजेसारखं गढूळ असेल तर जिवाणूंचा मेंदूज्वर. फिकट पिवळं असेल तर जुनं रक्त किंवा भरपूर प्रथिनं. टीबीत कधी कधी बाटली न हलवता काही वेळ तशीच ठेवली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखा तलम पडदा धरतो. उजेडात बाटली तिरकी केली की तो हळूच डुलतो. एकदा पाहिलेला विसरत नाही.

आता प्रवास. मोठ्या सरकारी रुग्णालयांत अनेकदा बाटल्या नातेवाइकाच्याच हातात देतात: "दादा, हे लॅबला देऊन या." दादा वाटेत चहा पितो, लिफ्टच्या रांगेत उभा राहतो, जेवणाच्या सुटीत बंद खिडकीसमोर बसतो. आणि बाटलीतल्या पेशी दर तासाला मरत असतात. तासाभराच्या आत बाटल्या पोचायला हव्यात. बर्फात ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. मेंदूज्वराचे काही जंतू गारव्याने मरतात आणि कल्चर खोटंच 'निल' येतं. उन्हात, बाइकच्या डिकीतही नको. सरळ हातात धरून न्या. निघण्याआधी तीन गोष्टी विचारा: कुठली बाटली कुठल्या खिडकीवर, प्रत्येकीवर नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का, आणि देताना पोच कुणाकडून घ्यायची.

माझा एक अपराध इथे कबूल करतो. निवासीपणाच्या पहिल्या वर्षी, एका रविवारी, अवघड एलपी एका फटक्यात जमली म्हणून मी हवेत होतो. बाटल्या नर्सिंग टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवल्या, नोंद लिहायला बसलो आणि तेवढ्यात नवा रुग्ण आला. चार तासांनी सिस्टरांनी विचारलं, "डॉक्टर, ही पाण्याची बाटली टाकून देऊ का?" दुसऱ्या दिवशी त्या बाईंची पाठ पुन्हा टोचावी लागली. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तेव्हापासून बाटली पोचल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

आणि त्याच वेळी हाताच्या शिरेतून रक्तातली साखर तपासायला हवी. पाठीतल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. रक्तातली साखर माहीत नसेल तर पाण्यातल्या आकड्याला अर्थ लावता येत नाही, मधुमेही माणसात तर अजिबातच नाही. बोटाला टोचून घेतलेला आकडा तरी फाइलमध्ये लिहिलेला असावा.

टीबीची शंका असेल तर भरपूर पाणी पाठवणं फायद्याचं. त्यात जंतू फार थोडे असतात. दोन थेंबांत ते सापडणं कठीण, ८-१० मिलीलिटरमध्ये शक्यता वाढते.

सुई निघाल्यावर

तार पुन्हा सुईत सरकवून मग सुई काढतात. ही बारीकशी कृती नंतरची डोकेदुखी कमी करते. छोटी पट्टी लावतात, दुसऱ्या दिवशी ती काढून आंघोळ करता येते. टाके वगैरे काही नसतात.

"आठ तास उताणं पडून राहा, उशी घ्यायची नाही, मान हलवायची नाही." हे अजून अनेक वॉर्डांत सांगतात. पडून राहिल्याने डोकेदुखी टळत नाही हे अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालं आहे. तास-दोन तास आराम करावा, चक्कर येत नसेल तर उठावं, लघवीला जावं, जेवावं. जबरदस्तीने तीन लिटर पाणी पाजण्याचाही तसा उपयोग दिसलेला नाही. सिस्टरांनी झोपून राहायला सांगितलं तर भांडू नका. पण उठून बसलात म्हणून काही बिघडलं, असंही समजू नका. दोन-तीन दिवस जड उचलू नये, वाकून घागर भरू नये. टोचलेल्या जागी ठसठस दोन-चार दिवस राहते, पॅरासिटामॉलने भागतं.

ती डोकेदुखी

सगळ्यात जास्त भेटणारा त्रास हाच, आणि तो ओळखणं सोपं आहे: उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. मान आखडते, मळमळतं, कधी कानात दडे बसतात. कारण साधं आहे. पाण्याभोवतीच्या पडद्याला सुईने पडलेल्या छिद्रातून पाणी बाहेर झिरपत राहतं आणि मेंदूचा तरंगता आधार कमी होतो. तरुण बायकांना आणि बारीक अंगाच्या माणसांना ही जास्त होते.

हिचं पहिलं प्रसिद्ध वर्णन एका डॉक्टरने स्वतःच्या डोक्यावरून केलं आहे. १८९८ साली त्याच कील शहरात आउगुस्ट बियर पाठीतून भूल देण्याचा प्रयोग करत होता. त्याने सहाय्यकाकडून स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली, पण पिचकारी सुईवर नीट बसेना आणि बरंच पाणी वाहून गेलं. पुढचे नऊ दिवस बियर अंथरुणावर. उठला की डोकं, पडला की आराम.

आज सुईच्या निवडीवर बरंच काही अवलंबून आहे. तिरप्या पात्याच्या सुईऐवजी पेन्सिलीच्या टोकासारखी सुई वापरली तर पडदा कापला जात नाही, तंतू बाजूला सरकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात नेहमीच्या सुईने ११ टक्के लोकांना डोकेदुखी झाली, पेन्सिल-टोकी सुईने सुमारे ४ टक्के. ती थोडी महाग असते आणि सगळीकडे नसते. तपासणी ठरलेल्या दिवशी, घाईची नसेल, तर "पेन्सिल पॉइंट सुई मिळेल का, आम्ही बाहेरून आणू का?" असं विचारता येतं. सिझरच्या भुलेसाठी ती वापरली जाते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात सापडते.

झाली डोकेदुखी तर: पडून राहा, पॅरासिटामॉल घ्या, चहा-कॉफी प्या. कॅफिनने थोडा आराम पडतो. चहाला एरवी नाकं मुरडणारा डॉक्टरही इथे दोन कप लिहून देतो. बहुतेकांची आठवडाभरात जाते. नाहीच गेली, उठणंच अशक्य झालं, तर भूलतज्ज्ञ रुग्णाच्याच हातातलं १५-२० मिलीलिटर रक्त काढून पाठीत त्या छिद्राच्या बाहेर सोडतात. रक्त गोठून छिद्राला बूच बसतं. आकडीवर कांदा लावण्यासारखं हे ऐकायला वाटतं, पण पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी उठून बसतो.

पुढचं काही दिसलं तर मात्र घरी थांबू नका: पाय कमजोर किंवा बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाठदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणं, नवा ताप, पट्टी सतत ओली होणं, एकाचे दोन दिसणं, किंवा आडवं झाल्यावरही न थांबणारी डोकेदुखी आणि गुंगी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर पायात जडपणा आला की त्याच तासाला दाखवायचं.

बाळाचं असेल तर

तान्ह्या बाळाला मेंदूज्वर झाला तर मान ताठ होतेच असं नाही. ते दूध ओढत नाही, मलूल पडतं, चिरक्या आवाजात रडतं, टाळू फुगते. म्हणून अगदी लहान बाळाला ताप असला की बालरोगतज्ज्ञ एलपीची गोष्ट लवकर काढतात. आई-बापाला बाहेर थांबवलं तर त्यामागे काही लपवाछपवी नसते. बाळाला घट्ट, पण श्वास न कोंडता धरणं हेच कसबी सिस्टरचं काम आहे आणि रडणाऱ्या आईसमोर ते कठीण जातं. बाळाला जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, त्याने ते शांत होतं. झाल्या झाल्या अंगावर पाजायला हरकत नसते. फक्त बाळ पुरेसं जागं आहे ना ते विचारा.

रिपोर्ट

पेशी, साखर, प्रथिनं हे तीन आकडे त्याच दिवशी येतात. पेशी ५ पर्यंत आणि प्रथिनं डेसिलिटरमागे १५ ते ४५ मिलिग्रॅम, हे मोठ्या माणसाचं नॉर्मल. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पेशी शेकडो-हजारोंत, साखर तळाला. विषाणूंच्या मेंदूज्वरात पेशी वाढतात पण साखर सहसा शाबूत. टीबीत लिम्फोसाइट जातीच्या पेशी, वाढलेली प्रथिनं, उतरलेली साखर. गियाँ-बारेत प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नॉर्मल. पण पहिल्या आठवड्यात हा रिपोर्ट पूर्ण साफही येऊ शकतो, आणि तेवढ्यावर आजार नाही असं म्हणता येत नाही.

टीबीसाठी सीबीनॅट किंवा जीनएक्स्पर्टची, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर प्रश्न मिटला, औषध कुठलं लागू पडेल याचाही अंदाज मिळतो. निगेटिव्ह आली तर टीबी नाही, असं होत नाही. इथे घरोघरी गैरसमज होतो: "रिपोर्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टर वर्षभराच्या गोळ्या देतायत." लक्षणं, स्कॅन आणि पाण्याचे बाकीचे आकडे टीबीकडे बोट दाखवत असतील तर उपचार सुरू करणंच योग्य. ही औषधं राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. टीबीचं कल्चर यायला सहा आठवडेही लागतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहतो. डिस्चार्जच्या दिवशी लॅब नंबर टिपून घ्या आणि दीड महिन्याने एकाने मुद्दाम जाऊन रिपोर्ट आणा. त्यात एखादं औषध लागू पडत नाही असं निघालं तर गोळ्या बदलाव्या लागतात.

काही आठवड्यांनी पुन्हा पाणी काढायला सांगितलं तर आधीचं बिघडलं असा अर्थ काढू नका. पेशी आणि साखर औषधाने सुधारली का ते बघायचं असतं. त्या दिवशी पहिल्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर न्या, आणि तेव्हा पेशी किती होत्या तो आकडा डॉक्टरांना दाखवा.